दोनच अळ्या

आमच्या खानदेशात पाहुण्याने "नको" म्हटलं की ताटात आणखी एक पडतं. हात आडवा धरला तर बोटांच्या फटीतून पडतं. अशा मुलखात दुसऱ्यांदा न विचारणारा एकच माणूस मी पाहिला, आमचे शेजारी नाना. चहा देतात तो अर्धा कप. संपला की, "झाया ना? मंग ऊठ." माझे सासरे एकदा त्यांच्याकडून असेच उठून आले आणि जामनेरला पोहोचेपर्यंत धुमसत राहिले.

नाना मूळचे शिंदखेड्याकडचे. पाटबंधारे खात्यात पाणी मोजून सोडण्यात सगळी नोकरी गेली. त्यांची बायको, आमच्या अक्का, पाच वर्षांपूर्वी वारल्या. आता जळगावच्या घरात नाना आणि एक पाल.

पाल म्हटलेलं त्यांना खपत नाही. "पाल भिंतीवर चढते. हिला चढता येत नाही. अन् ती मनी पोरनी ठेव शे." मुलगी परदेशी गेली तेव्हा काचेच्या पेटीसकट तिला वडिलांकडे ठेवून गेली. पिकून ठिपके पडलेल्या केळ्यासारखी पिवळी, म्हणून नाव केळाबाई. दर रविवारी मुलगी फोनवर आधी तिला बघते, मग वडिलांना.

केळाबाईचं रोजचं जेवण रातकिडे. मिठाई म्हणजे मेणअळ्या. मधमाश्यांच्या पोळ्यातलं मेण खाऊन गुबगुबीत झालेल्या पांढऱ्या अळ्या. एक ओळखीचा मधपाळ किडलेली पोळी फेकायला निघाला होता, ती नानांनी आणली आणि श्रीखंडाच्या डब्यात भुशावर अळ्यांची पैदास सुरू केली. डब्यावर ठळक लिहिलंय, "हे श्रीखंड नाही." कारण मी एकदा झाकण उघडलं होतं. चमच्यासकट.

या अळ्या रविवारी दोन. "निव्वळ चरबी. चटक लागली तर बाकी काही खाणार नाही. ती मांगो, तरी दोनच."

गेल्या हिवाळ्यात नाना मोतीबिंदूच्या ऑपरेशनला धुळ्याला बहिणीकडे गेले आणि दहा दिवसांसाठी घराची किल्ली माझ्याकडे दिली. त्यानंतरचं आता कबूल करतो.

पहिल्याच दिवशी एक रातकिडा माझ्या बाहीत शिरला. दुसऱ्या दिवशी मी श्रीखंडाचा डबा उघडला. केळाबाईने चिमट्यातून अळी घेतली, गिळली आणि ओठांवरून जीभ फिरवून माझ्याकडे पाहिलं. मी विरघळलो. "घे गं बाई, आणखी एक. अगं, लाजतेस काय?" ती लाजत नव्हतीच. हे नऊ दिवस चाललं.

काळा चष्मा लावून नाना परतले. "दोनच दिल्या ना?"

"दोनच," मी म्हणालो. मी शाळेत मास्तर आहे. खोटं बोलणाऱ्या पोरांना वर्गात उभं करतो.

त्या दिवसापासून केळाबाईने रातकिड्यांकडे पाठ फिरवली. सहा दिवस कोपऱ्याकडे तोंड करून बसली. रविवारी मुलीने फोनवर विचारलं, "बाबा, ती खात का नाही? काही होणार नाही ना तिला?"

"रुसली आहे," नाना म्हणाले. "मला बहिणीकडे नेलं नाही म्हणते." फोन ठेवून त्यांनी पेटीत आणखी एक रातकिडा सोडला.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला मी गेलो. नाना स्टुलावर बसून चिमट्यात रातकिडा धरून होते. किती वेळ, कोण जाणे.

"नाना, एक अळी देऊन बघा ना. एकच."

"खाईल. मग उद्या परत तेच." ते पेटीकडेच बघत होते. आतलं काही बोलायचं असलं की नाना पुरते अहिराणीवर येतात. "अक्काले शुगर व्हती. ती एक पेढा मांगे, मी दोन देऊ. खाताना अशी हसे ना ती... पहिले डोया गयात, काही दिसे ना. मंग ती."

मी खाली बसलो. "नाना, मी रोज दिल्या. चार-चार, पाच-पाच."

"माले माहीत शे. डबाज बोली गया."

"मग मला बोलला का नाहीत?"

"काय बोलू, भो? आग्रह करनारा मानूसले मी वळखस." त्यांनी चिमटा माझ्याकडे केला. "धर. मना हात भरी उना."

मी धरला. रातकिड्याचे पाय वळवळत होते. माझाही हात भरून आला, मी बदलला, पुन्हा बदलला. केव्हातरी केळाबाईने मान वळवली. रातकिड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, अगदी नाइलाज असल्यासारखी दोन पावलं पुढे आली. आणि चिमटा हलका झाला.

नाना उठले. आत जाऊन चहा करून आणला. अर्धा कप. मी प्यायलो आणि सवयीने उठलो.

"बस," नाना म्हणाले. भांड्यातला उरलेला चहा त्यांनी माझ्या कपात ओतला, काठोकाठ. "घे. अजून अर्धा."

मी हात आडवा धरला नाही.