वाकलाच आहेस तर

बोटं मोजायला सांगितली आणि मी चुकलो. तीही पायाची. रेल्वेच्या हिशेब खात्यात केस पिकवलेला माणूस मी. बदली होऊन जयपूरला आलो आणि बनी पार्कात शेजारीच मराठी शकूमावशी राहतात हे कळल्यावर सहकुटुंब नमस्काराला गेलो. वाकलो. आशीर्वादाच्या जागी वरून आवाज आला, "वाकलाच आहेस तर जरा तळवे बघ. चीर आहे? फोड आहे? आणि बोटं किती?"

तळवे पाहिले. बोटं काय पाहायची! "दहा," मी म्हणालो.

"नऊ!" आमची सहा वर्षांची ईरा ओरडली. "बाबा, ठीक से मोज ना!"

मावशींच्या डाव्या पायाला करंगळी नव्हती. मधुमेहात गेली होती. पण त्यांना आनंद झालेला. "बघितलंस? तू आकडा म्हटलास, पोरीनं मोजला. माझी अख्खी पीएचडी एवढीच आहे."

हो, पीएचडी. शाळेतून निवृत्त झाल्यावर मावशींनी विद्यापीठात नाव घातलं. विषय, लहान मुलं संख्या कशी शिकतात. गाइड त्यांच्या विद्यार्थिनीच्या वयाची. मावशी तिला 'मॅडम' म्हणतात आणि भेटीला जाताना बेसनाचे लाडू नेतात. विद्यापीठाच्या कामाला मणी आणि बटणं, गल्लीतल्या पोरांना मात्र स्वतःचे पाय. पाटावर पाय ठेवून त्या बसतात. पोर "एक, दो, तीन" करत धडाधडा 'दस' गाठतं. "म्हणू नकोस, मोज," मावशी सांगतात. पोर पुन्हा मोजतं आणि थबकतं.

"आंटी, एक कहाँ गई?"

"मैंने ध्यान नहीं दिया, तो रूठ गई।"

त्या थबकण्यावर मावशींचा फार जीव. मूल संख्या शिकतं ते तेव्हाच, असं त्यांचं म्हणणं.

नमस्कार करणाऱ्याची तर सुटकाच नाही. आधी तळव्यांचा अहवाल, मग आशीर्वाद. वरच्या मजल्यावरच्या कुलकर्ण्यांचा नवा जावई लग्नाच्या शेरवानीत, मोबाइलचा टॉर्च मारून मावशींच्या टाचेची भेग शोधताना मी पाहिलाय. "मुद्दाम कुणाला बोलावत नाही हं मी," मावशी म्हणतात. "पण वाकलेल्या माणसाला काम सांगायला काय हरकत?"

साखर मलाही आहे. "तुझे पाय दाखव," असा त्यांचा लकडा असायचा. मी टाळायचो. मोठ्या माणसापुढे तळवे करायचे कसे? शिवाय माझे पाय म्हणजे दगड, अशी माझी समजूत.

गेल्या मे महिन्यात आम्ही भरदुपारी देवळात गेलो. अंगणातला संगमरवर तव्यासारखा तापलेला. लोक टणाटण उड्या मारत सावली गाठत होते. मी निवांत प्रदक्षिणा घातली. संध्याकाळी मावशींकडे बसून ही बढाई मारली, "आपल्याला चटका-बिटका काही लागत नाही!"

मावशी हसल्या नाहीत. "पाय वर कर."

"अहो मावशी, तुमच्यासमोर…"

खुर्चीतून उठताना ज्यांना दोन हातांचा आधार लागतो, त्या मावशी चक्क जमिनीवर बसल्या आणि त्यांनी माझी टाच मांडीवर घेतली. मी नको-नको करत होतो. तळव्यावर भलामोठा फोड आलेला, फुटून ओला झालेला. मला पत्ताच नव्हता.

"दुखतंय?"

"छे!"

"तेच तर वाईट आहे, गाढवा."

त्यांना उठवायला मी आणि माझी बायको माधवी, दोघंही लागलो. उठल्या त्या थेट ऑटोतच बसल्या. डॉक्टरांनी जखम साफ केली, पट्टी बांधली आणि हे असंच राहिलं असतं तर पायावर बेतलं असतं, असं सांगितलं. आज माझे दोन्ही पाय धड आहेत ते मावशींच्या हट्टामुळे. हे ऋण कसं फेडायचं मला माहीत नाही.

औषधाची वाट पाहत आम्ही तिघं बाकावर बसलो होतो. न राहवून मी त्यांच्या करंगळीचं विचारलं.

"हे होते तोवर रोज तळवे बघायचे. पेपर वाचल्यासारखे, चष्मा लावून. ते गेल्यावर मी आरसा आणला. थोडे दिवस बघितलं. आरशात दिसतं रे सगळं. पण तो विचारत नाही ना, दुखतंय का म्हणून. मग राहूनच गेलं."

आणि लगेच समोरच्या बाकावरच्या चिमुरडीकडे वळून म्हणाल्या, "बेटा, गिनती आती है?"

घरी आल्यावर माधवीनं माझा पाय उशीवर ठेवला. मग म्हणाली, "उद्यापासून तुमचे पाय मी बघणार. आणि मावशींचे तुम्ही. रोज. बघू का म्हणून विचारू नका, नको म्हणतील. नुसते जाऊन पायाशी बसा."