महाराजांचा मऊ खडा

मुलांनो, एका जंगलात सिंहमहाराजांना मूतखडा झाला. त्याच दिवशी एका रानडुकरालाही झाला. खड्याला दरबारी शिष्टाचार कळत नाही.

जंगलात नवे सीटी स्कॅन आले होते. ते पोट न फाडता खडा कसला ते दाखवायचे. लाल दिसला तर युरिक अ‍ॅसिडचा. तो औषधाने विरघळतो. निळा दिसला तर कॅल्शियमचा. तो काढावा लागतो.

महाराजांचा लाल निघाला. डुकराचा निळा.

डॉक्टर सारस खुशीत दरबारात गेले. शस्त्रक्रिया नको, गोळ्यांनीच खडा विरघळेल, असे त्यांनी सांगितले.

महाराजांचा खडा मऊ निघाला म्हणून दरबारात सगळे खाली बघू लागले.

"आणि त्या डुकराचा?" प्रधान कोल्होबांनी विचारले.

"त्याचा टणक आहे."

"मग तुमची अदलाबदल झालीय, डॉक्टर."

त्या जंगलाची रीत होती. शिकार असो, सावली असो, उत्तम ते आधी महाराजांचे. कोल्होबांनी ती रीत खड्यांनाही लावली. सारसांना एकदम आपली मान किती लांब आहे ते आठवले. त्यांनी चित्रांवरची नावे बदलली.

महाराजांचे पोट विनाकारण फाडले गेले. महाराजांनी वज्रासारखा खडा हसत हसत दिला, असे पोपटांनी झाडोझाडी ओरडून सांगितले. खडा दाखवा, असे एकाही पोपटाने म्हटले नाही.

डुक्कर गोळ्या खात राहिले. खडा हलला नाही. ते रात्रंदिवस लोळून कण्हायचे. शेवटी डुकरीण दवाखान्यात आली.

"दादा, यंत्र परत लावा की. यांची किडनी जाईल."

यंत्र परत लावले. खडा निळा.

कोल्होबा धावत आले. असला खडा फक्त महाराजांचा असतो, तेव्हा डुकराने तो चोरून पोटात लपवलाय, असा त्यांनी निकाल दिला.

डुकरिणीने हात जोडले. म्हणाली, "चोरलाच आहे, साहेब. आजच जप्त करा."

त्याच दुपारी खडा जप्त झाला. डुक्कर टाक्यांसकट तुरुंगात गेले आणि कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा घोरत झोपले. खडा आता संग्रहालयात आहे, महाराजांच्या नावाने.

तात्पर्य: मुलांनो, दवाखान्यात उपचार मागत बसू नका. गुन्हा कबूल करा, नंबर लवकर लागतो.