दोन बोटं नळी

फिन मशीन चालवणारा भगवंत भाच्याच्या लग्नाला एडवणला गेला आणि ते मशीन दोन दिवसांसाठी खंडेरावाच्या हाती आलं. बोईसरच्या कारखान्यात आठ महिने टेम्पररी राहिलेल्या माणसाला याहून मोठी संधी कुठली! काम साधलं की पर्मनंट, असं सुपरवायझर मोनालीमॅडम स्वतः म्हणाल्या होत्या.

काम तसं सरळ. नळी गरगर फिरते आणि तिच्यावर अॅल्युमिनियमची पट्टी ताणून गुंडाळत जायची. त्या पट्टीमुळे नळीची गरमी झटकन हवेत जाते. भगवंत मात्र दर वेळी दोन्ही टोकांना दोन-दोन बोटं नळी उघडीच सोडायचा. खंडेरावाला ते पहिल्या दिवसापासून खुपत होतं. कामचोर मेला!

"आपण अर्धवट काम द्यायचं न्हाई," तो स्वतःशीच म्हणाला आणि त्यानं बारा नळ्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गच्च भरल्या.

दुपारी मॅडमनी कपाळाला हात लावला. "अहो खंडेराव! उघडं टोक प्लेटच्या भोकात बसतं. आता या नळ्या कुठे बसवू, तुमच्या डोक्यात? उद्या सकाळी माल जायचाय!"

"संध्याकाळपातुर करून देतो, मॅडम. न्हाई दिलं तर नाव लावणार न्हाई."

त्यानं कात्रीनं टोकाची पट्टी कापली. ताणावर बसलेली पट्टी ती! सर्रकन अख्खी उलगडून त्याच्या पायात येऊन पडली. दुसरी नळी त्यानं दोन्ही हातांनी आवळून धरली, तरी तेच. तिसरीवर तर तो चक्क बसला. पट्टी सुटलीच, वर पँटही फाटली.

पण गडी हटला नाही. कमरेला टॉवेल गुंडाळून विचार करत बसला. मग चौथ्या नळीला आधी टोकापासून दोन बोटं आत पत्र्याची कडी आवळली आणि कडीच्या बाहेरचीच पट्टी कापली. आतली जागची हलली नाही! पुढच्याही तशाच केल्या, सुटलेल्या तीन नव्यानं गुंडाळल्या. सात वाजता बाराही नळ्या तयार.

मॅडमनी एकेक टोक प्लेटमध्ये घालून पाहिलं. "खंडेराव, तुम्ही पर्मनंट!"

पाम गावातल्या खोलीवर पोचताच त्यानं बायकोला, इंदुबाईला, बातमी दिली. तिनं आनंदानं देवापुढे साखर ठेवली.

"मशीनवर का वो?"

"न्हाई. मशीन भगवंताकडंच. मला रिपेरिंगला घेतलंय. चुकल्याली नळी दुरुस्त करायला माझ्यासारखा माणूस न्हाई म्हणाल्या मॅडम."

"आन् चुकीवतं कोण?"

खंडेराव टॉवेल सावरत म्हणाला, "तू आधी च्या टाक."