पंजाबरावांनी पाणी मागितलं

सिनेमाची कंपनी मेडशीत उतरली आणि दुसऱ्याच सकाळी पंजाबरावांनी मिशीला तूप लावायला सुरुवात केली. कुठल्याशा जुन्या कादंबरीवर, शंभर वर्षांपूर्वीच्या गावावर सिनेमा निघणार होता आणि त्यातल्या इनामदाराचं काम दिग्दर्शकानं त्यांना देऊ केलं होतं. घोड्यावरून यायचं, एक वाक्य बोलायचं, घोड्यावरून जायचं. ते एक वाक्य त्यांनी गोठ्यातल्या बैलांनासुद्धा ऐकवून झालं होतं.

माशी शिंकली ती विहिरीवर. कादंबरी मुळात पाणी भरणाऱ्या बायांची, आणि बाया द्यायला गाव तयार नाही. सगळ्यांत आधी नाही म्हणाले ते पंजाबरावच. (बायको भागिरथा दारामागून "मी येतो" म्हणत होती, पण तिला विचारलं कोणी?) दिग्दर्शक म्हणाला, ठीक आहे, आम्ही केनवडला जातो. म्हणजे इनामदारही केनवडचाच होणार!

"आमच्या इकडं दंडारीच्या खेळात मानसंच बाया होते," ते घाईघाईनं म्हणाले. "नाचते, गाते, कोनाले समजत बी नाही."

दिग्दर्शक थकला होता, हो म्हणाला. मग वस्तरा घेऊन न्हावी बसला, तसे गडी तोंड झाकून पळू लागले. ज्यानं ही शक्कल काढली त्यानंच आधी बसावं, असं गावानं ठरवलं. इनामदाराला नकली मिशी चिकटवू असा शब्द मिळाल्यावर पंजाबरावांनी डोळे मिटले, मग बाकीचेही एकेक करून बसले. घरी भागिरथेनं त्यांना स्वतःचं लुगडं नेसवलं. ती इतकी हसत होती, की निऱ्या तिच्या हातातून सारख्या सुटत होत्या.

दंडारीत कंदिलाच्या उजेडात जे खपतं, ते कॅमेऱ्यापुढं भर उन्हात खपेना. एक सून घागर बाजूला ठेवून तंबाखू मळत बसली. पंजाबरावांनी डोक्यावर घागर घेतली, चार पावलं टाकली आणि सगळं पाणी कॅमेरावाल्याच्या अंगावर गेलं. दिग्दर्शकानं कपाळ धरलं.

तेव्हा भागिरथा गर्दीतून पुढं आली.

"सरका," ती नवऱ्याला म्हणाली. "रोज मीच भरतो. आज काय नवल हाय?"

तिच्यामागं गावच्या बाया निघाल्या. पंजाबरावांना त्यांना अडवायचं होतं. पण लुगड्यातल्या माणसाचा धाक वाटणार कोणाला?

आता एकच काम उरलं. कादंबरीत एक बाई विहिरीपासून दूर उभी राहून पाणी मागते, कारण विहिरीला हात लावायची तिच्या जातीला बंदी. दिग्दर्शकानं चाचरत विमलबाईंकडं पाहिलं. विमलबाई बौद्ध वस्तीतल्या, गावच्या शाळेत शिकवायच्या.

"दाखवा ना, तसं होतंच," त्या शांतपणे म्हणाल्या. "माह्या आजीनं मांगलं तसं पानी. मी नाही मांगनार. मी पाटलीन होतो, वरून पानी वाढतो. मांगाले पंजाबराव हायेत ना, लुगडं नेसून तयार."

दिग्दर्शकाला पटलं. पदर पुढं ओढला की चेहरा दिसतो कुठं? पंजाबराव ओंजळ करून उन्हात उभे राहिले. विमलबाई अगदी सावकाश आल्या. (कादंबरीत तसंच होतं, असं त्या म्हणाल्या.) पुन्हा उभं राहा, पुन्हा मागा, असं बराच वेळ चाललं. घसा खरोखरच कोरडा पडला. ही विहीर पंजाबरावांच्या आजोबांनी खणलेली. इथं असं कोण कोण उभं राहिलं असेल, हे पहिल्यांदाच त्यांच्या मनात आलं आणि त्यांना मनापासून लाज वाटली.

पुढं कारंज्याच्या टॉकीजमध्ये सिनेमा लागला. जोडीनं बघायला गेले, तर इनामदाराचा सीन कापलेला! पण पाणी मागणारी बाई पडद्यावर आली आणि बाया मुसमुसू लागल्या. पंजाबरावांनीही उपरण्यात तोंड लपवलं.

बाहेर पडताना एक अनोळखी म्हातारी डोळे पुसत भागिरथेला म्हणाली, त्या पाणी मांगणाऱ्या बाईनं लई रडवलं.

पंजाबरावांना राहवलं नाही. "ते बाई मीच होतो," ते छाती काढून म्हणाले.

म्हातारीनं त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि भागिरथेच्या पाठीवरून हात फिरवला.

"गर्दीत याईले एकटं सोडत नको जाऊ, माय."

भागिरथेनं लगेच नवऱ्याचा हात धरला आणि एस.टी. स्टँड येईपर्यंत सोडला नाही.