गाडीच्या पोटाखालची हवा

कामथडीच्या रोहिदासच्या गाडीच्या पोटाखालून हवा बेशिस्तपणे वाहते, ही गोष्ट गेल्या आषाढात उघडकीस आली. तोपर्यंत गाडीचं आणि हवेचं बरं चाललं होतं.

गाडी परदेशी, दोन दारांची, लाल रंगाची आणि वयानं रोहिदासपेक्षा थोरली. पुण्यातल्या एका बंगल्याच्या गॅरेजमधून त्यानं ती हौसेनं आणली होती. तिचं लांबलचक नाक नसरापूरच्या चौकात दिसलं की शेअर रिक्षावाले सीट भरायचं सोडून बघत राहत. रोहिदासचा हायवेला पत्र्यांचा धंदा होता. घराच्या डोक्यावर पत्रे लावून माणसं सुखी होतात, एवढं त्याला ठाऊक होतं. गाडीच्या पोटाखाली पत्रे लावावे लागतात, हे त्याला स्वरूपनं सांगितलं.

स्वरूप इंजिनिअर होता. हायवेलगत शेड टाकून तो जुन्या गाड्यांवर सल्ला द्यायचा. गाडी जॅकवर चढवून त्यानं खाली बॅटरी मारली आणि प्रत्येक नळीला टिचकी मारून पाहिली.

“शेठ, खाली सगळा गोंधळ आहे,” अखेर तो म्हणाला. “हवा सायलेन्सरला आपटते, टाकीला आपटते, वाट्टेल तिकडून बाहेर पडते. ताशी एकशेदहाच्या पुढं गेलात की ती गाडीला उचलायला बघणार.”

“म्या कदी एवढी पळवलीच न्हाई.”

“म्हणूनच तुम्हाला धोका जाणवलेला नाही.” स्वरूप आणखी गंभीर झाला. “शिवाय चेसी, म्हणजे गाडीचा सांगाडा. वळणावर ती पिळवटते.”

रोहिदासची बायको मोहिनी शेजारीच उभी होती. “पिळवटती म्हंजे? धुण्यावानी?”

“हो वहिनी. पण डोळ्यांना दिसत नाही इतकी.”

“मग दिसत न्हाई तर ऱ्हाऊ द्या की.”

दोघा पुरुषांनी एकमेकांकडे पाहिलं. विज्ञानाच्या वाटेत घरचीच माणसं आडवी येतात, हे त्या पाहण्यात होतं.

गाडी दिवाळी होईपर्यंत स्वरूपच्या शेडमध्ये राहिली. तिच्या पोटाखाली नाकापासून शेपटीपर्यंत गुळगुळीत पत्रे बसले. चेसीला आडव्या-तिरप्या लोखंडी पट्ट्या मारल्या गेल्या, जेणेकरून ती यापुढे कुणापुढंही वाकणार नव्हती. गाडी बाहेर आली तेव्हा जमीन आणि पत्रा यांच्यामध्ये चार बोटं जागा उरली होती. रोहिदास अंगणात पालथा पडून त्या फटीतून पलीकडं बघत बसायचा. पलीकडं मोहिनीची पावलं दिसायची, ती थांबायची आणि निघून जायची.

अशातच पासलीहून निरोप आला. मोहिनीच्या भावाची, संपतची मुलगी प्रगती हिचा साखरपुडा ठरला होता. मोहिनी सख्खी आत्या. ओटी तिनंच भरायची. आणि रोहिदासनं मनाशी पक्कं केलं की सासुरवाडीच्या दारात या गाडीनंच जायचं. आजवर पासलीत त्याला चहा मिळाला होता, टोपी-टॉवेल मिळाला होता, पण संपतनं त्याच्याकडं मान वर करून पाहिलं आहे असं एकदाही घडलं नव्हतं.

सरावासाठी तो नसरापूरच्या बाजारपेठेतून वेल्ह्याच्या रस्त्याला लागला आणि पहिल्याच स्पीडब्रेकरवर गाडीनं असा आवाज काढला की भजी तळणारा झाऱ्या हातात घेऊन बाहेर आला. गाडी पुढं जाईना, मागं येईना. पट्ट्यांमुळं ती इतकी ताठ झाली होती की स्पीडब्रेकरवर पोट टेकून चारही चाकं निवांत ठेवून बसली. रिक्षावाल्यांनी उचलून ती मागं ठेवली.

रोहिदासनं रस्त्याच्या कचेरीत जाऊन विनंती केली की साखरपुड्यापुरता तो स्पीडब्रेकर काढावा. तिथल्या कारकुनानं नकाशा उलगडून बोट ठेवलं.

“सदर ठिकाणी स्पीडब्रेकर नाही.”

“साहेब, माझी गाडी त्याच्यावर अडकली व्हती.”

“आमच्याकडं मंजूर नाही. जो नाही तो काढायचा कसा? तुम्ही असं करा, तो बसवण्यासाठी अर्ज द्या. आधी रीतसर बसवू, मग काढायचा विचार करता येईल.”

रोहिदासला यात तथ्य वाटलं, पण मुहूर्त जवळ आला होता. तो स्वरूपकडं गेला. स्वरूपनं पत्र्यावरचा ओरखडा हातानं चाचपला, जखमी वासराला चाचपावं तसा.

“पॅनलना रस्ता लागू देता कामा नये,” तो म्हणाला. “गाडी टेम्पोत घालून न्या.”

गावात गेनूचा टेम्पो होता. आजवर त्यातून कांदे, शेणखत आणि धनगरांची शेरडं गेली होती. आता लाल गाडी वर चढली. स्वरूपनं तिच्या पोटाखाली लोकरीचे धागे चिकटवले आणि टेम्पो हायवेला पळवायला लावला. स्वतः तो मागं झोपून धागे बघत होता. परत आला तेव्हा त्याचा चेहरा उजळला होता. सगळे धागे एका रेषेत मागं गेले होते. खाली रस्ता नव्हता, खड्डे नव्हते, त्यामुळं हवेला बिघडायला कारणच उरलं नव्हतं.

“ही गाडी टेम्पोतच खरी चालते,” त्यानं निर्वाळा दिला.

तेव्हापासून रोहिदास टेम्पोवरच्या गाडीत बसून फिरू लागला. स्टेअरिंग तो स्वतः फिरवायचा. गेनू डावीकडं वळला की हाही डावीकडं वळायचा, आणि दोघांचं जमलं की त्याला मोठं समाधान वाटायचं. एकदा मोहिनीलाही त्यानं शेजारी बसवलं. त्याच दिवशी आरटीओच्या भरारी पथकानं टेम्पो अडवला.

पथकाचे साहेब खाली उभं राहून म्हणाले, “मालवाहू वाहनात प्रवासी बसवता येत नाहीत.”

“आमी टेम्पोत न्हाई, साहेब. आमी कारमदी बसलोय,” रोहिदास वरून म्हणाला. “पट्टा बी लावलाय.”

साहेबांनी टाचा उंचावून पाहिलं. पट्टा खरोखरच लावलेला होता.

“कार कशात आहे?”

“टेम्पोत.”

“म्हणजे कार हा माल.”

“व्हय.”

“आणि तुम्ही कारच्या आत. मग तुम्हीही माल. पुड्यातली बिस्किटं काही प्रवासी नसतात.”

गेनूनं विचारलं, “मग दंड कशाचा?”

साहेब विचारात पडले. माल टेम्पोत असणं हा गुन्हा नव्हता. तेव्हा मालाची नोंद करून सोडायचं ठरलं. गेनूच्या भाडेपावतीवर त्यांनी लिहिलं: जुनी कार, आतील घरगुती वापरलेल्या मालासह. पावती सहीसाठी वर गेली, ती मोहिनीनं वाचली.

“वापरलेल्या?” ती म्हणाली. “साहेब, ह्यांच्यापुढं काय लिवायचं ते लिवा. माझ्यापुढं चांगल्या स्थितीत असं लिवा.”

साहेबांनी तशी दुरुस्ती केली. मात्र जाता जाता त्यांनी टेम्पोला एक धक्का मारून पाहिला आणि तो डुलला. “जिवंत माल नेताय. वाहनाची चौकट मजबूत असल्याचा दाखला जवळ ठेवा.”

दाखला देणारा माणूस परिसरात एकच होता. स्वरूपनं टेम्पोखाली बॅटरी मारली आणि प्रत्येक नळीला टिचकी मारून पाहिली.

“पिळवटतोय?” रोहिदासनं खोल आवाजात विचारलं.

“तोही पिळवटतोय.”

गेनू म्हणाला, “शेरडांनी कदी तक्रार क्येली न्हाई.” पण त्याचं कोण ऐकणार. टेम्पोच्या चेसीला पट्ट्या बसल्या. पट्ट्या बसल्यावर खालची हवा त्यांना आपटू लागली, म्हणून पोटाला पत्रे बसले. आणि साखरपुड्याच्या आदल्या दिवशी टेम्पो नसरापूरच्या त्याच नामंजूर स्पीडब्रेकरवर पोट टेकून बसला. भजीवाला या वेळी बाहेर आला नाही. त्यानं आतूनच रिक्षावाल्यांना हाक मारली.

“आता?” मोहिनीनं विचारलं.

“ट्रेलर,” स्वरूप म्हणाला.

“आन् ट्रेलर पिळवटला म्हंजे?”

“त्याचं नंतर बघू, वहिनी.”

साखरपुड्याच्या सकाळी ट्रेलर आला, पोकलेन वाहणारा, लांबलचक. त्याच्यावर टेम्पो चढला, टेम्पोवर गाडी होतीच, आणि शिडी लावून पैठणीतली मोहिनी गाडीत चढली. मांडीवर ओटीचं ताट. रोहिदासनं फेटा सांभाळत स्टेअरिंग धरलं. वरून त्याला घरांचे पत्रे दिसत होते आणि त्यांतले बरेचसे त्यानंच विकलेले होते. प्रत्येक गावात वायरमन बांबूनं तारा उचलून धरी आणि नमस्कारही करी. माणसाला आणखी काय हवं असतं, असं रोहिदासला वाटलं.

मार्गासनी गाव मागं पडलं. विंझरच्या अलीकडच्या वळणावर ट्रेलरचं तोंड वळलं आणि शेपूट वळलं नाही. तो रस्त्याला आडवा बसला. इकडून जाता येईना, तिकडून येता येईना.

मागं वेल्ह्याची एसटी थांबली. एसटीत साखरपुड्याचे भटजी होते. एसटीच्या मागं दोन जीपगाड्या थांबल्या, त्यात भोरहून निघालेली नवऱ्या मुलाची मंडळी होती. त्यांच्या मागं शनिवारी किल्ले बघायला आलेल्या पुण्याच्या गाड्यांची रांग लागली. मोहिनीनं आरशात हे सगळं पाहिलं.

“अवो, नवरदेव आपल्या मागं अडकलाय.”

“बघतोय म्या.”

“मग आपुन पासलीला पोचून तरी काय करायचं हाये?”

या प्रश्नाचा हवेशी संबंध नसल्यानं ट्रेलरवर बसून आलेला स्वरूप गाडीचे दोर तपासू लागला. मोहिनीनं संपतला मोबाईल लावला. तासाभरात तो प्रगतीला, आचाऱ्याला आणि शिऱ्याच्या पातेल्यांना घेऊन पलीकडच्या बाजूनं आला. आता नवरी वळणाच्या वरच्या अंगाला, नवरा खालच्या अंगाला, भटजी एसटीत आणि मधोमध ट्रेलर. टेम्पोच्या पुढं ट्रेलरवर ऐसपैस मोकळी जागा होती. ती सपाट होती, उंच होती आणि सगळ्यांना दिसत होती.

“हितंच उरकू,” मोहिनी म्हणाली.

एसटीच्या कंडक्टरनं शिडी धरली. मंडळी दोन्ही बाजूंनी वर चढली. पाट मांडले गेले. गाडी आवळून बांधलेल्या दोरांपैकी मोहिनीच्या दारावरचा दोर गेनूनं सैल केला, तशी ती ताट घेऊन उतरली. रोहिदासही उतरायला लागला तेव्हा स्वरूपनं त्याला थांबवलं.

“शेठ, दोघंही उतरलात तर गाडीचा तोल जाईल. दोर पुन्हा शेडमध्येच ताणावे लागतील. तुम्ही वजन म्हणून बसा.”

तेव्हा रोहिदास वजन म्हणून बसला. काचेतून त्याला सगळं दिसत होतं. मोहिनीनं प्रगतीची ओटी भरली, अंगठ्या घातल्या गेल्या, पुण्याच्या मंडळींनीही शिरा खाल्ला. आणि मग ती वेळ आली जिची त्यानं इतकी वर्षं वाट पाहिली होती. संपतनं मान वर केली आणि त्याच्याकडं पाहिलं.

“पाव्हणं,” तो नवऱ्याकडच्या मंडळींना म्हणाला, “हे आमचं दाजी. भाचीसाठी येवढं मोठं स्टेज घिऊन आलं.”

सगळ्यांनी ट्रेलरचं कौतुक केलं. ट्रेलरची लांबी, ट्रेलरची चाकं, ट्रेलरची मजबुती. लाल गाडी कुणाच्या नजरेत भरली नाही. एका म्हातारीनं तेवढं विचारलं, की वर तो डबा कशाला ठेवलाय. रोहिदासनं स्टेअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले. कुणीतरी खिडकीतून त्याला शिऱ्याची वाटी दिली. शिरा चांगला होता, पण त्यानं वाटी तशीच शेजारच्या रिकाम्या सीटवर ठेवली.

संध्याकाळी शेपूट कसंबसं वळवून ट्रेलर निघाला तेव्हा मोहिनी वर चढली नाही. ती मोकळ्या झालेल्या एसटीत बसून माहेरी गेली आणि आठवडाभर राहिली.

त्या वळणाचं पुढं बरं झालं. विंझरपासून वेल्ह्यापर्यंतच्या लोकांना ट्रेलरवरचा साखरपुडा इतका आवडला की आता तिथं तारखा आगाऊ घ्याव्या लागतात. एसटी त्या वळणावर तासभर थांबते, आणि तो वेळ नव्या वेळापत्रकात धरलेला आहे. ट्रेलरचा मालक पट्ट्या मारून घेण्याच्या विचारात आहे, कारण वर मंडळी नाचताना तो पिळवटतो असं स्वरूपचं म्हणणं पडलं.

स्वरूपला मात्र लग्नांत रस नाही. त्या दिवशी मंडळी अंगठ्या बघत होती तेव्हा तो खाली उतरून, मागं खोळंबलेल्या पुण्याच्या गाड्यांच्या रांगेतून सावकाश फिरला. तुम्हीही तेव्हा त्याच रांगेत आपल्या गाडीच्या बोनेटवर बसून ट्रेलरचा व्हिडिओ काढत होता आणि हसत होता. त्याला स्वरूपची आडकाठी नव्हती. परतीच्या वाटेवर नसरापूरच्या स्पीडब्रेकरला तुमच्या गाडीचं पोट जरासं लागलं, तेव्हा तुम्ही गाडी बाजूला घेतली, खाली उतरलात आणि वाकून पाहिलंत.

स्वरूप बॅटरी घेऊन मागंच उभा होता. त्याला तेवढं वाकणं पुरतं.