नोलाचा फ्रीज

"चारच दिवसांचा प्रश्न आहे, क्लेमकाका," टॅमसिन म्हणाली. "शनिवारी प्रदर्शन उघडायचं, मंगळवारी मोडायचं. आम्हा आठही कलाकारांचं तसंच आहे."

"मोडायचंच आहे तर मांडता कशाला?" क्लेम हॅडोने विचारलं.

याला टॅमसिनकडे उत्तर होतं, पण ते लांबलचक होतं, आणि म्हातारा शेडच्या दारात आडवा उभा होता. त्याच्या पाठीमागे फ्रीज होता. दोन वर्षांपूर्वीच्या पुराचा चिखल त्यावर वरपासून खालपर्यंत वाळून बसला होता आणि दारावर, त्या चिखलात, बोटाने लिहिलं होतं: 'हात लावू नकोस. मी धुईन.'

अक्षर नोलाचं. म्हणजे क्लेमच्या बायकोचं, टॅमसिनच्या मावशीचं. पाणी ओसरल्यावर दोघं घरी परतली तेव्हा क्लेमने मदत म्हणून ओलं फडकं फ्रीजवर एकदा फिरवलं. नोलाने ते काढून घेतलं. बेचाळीस वर्षांच्या संसारात क्लेमने पुसलेली वस्तू तिने पुन्हा पुसली नाही, असं एकदाही झालं नव्हतं. तिने दारावर हुकूम लिहिला आणि आधी खोल्या धुवायला घेतल्या. एकोणिसाव्या दिवशी भिजलेला गालिचा फाटकापर्यंत ओढत नेता नेता ती त्याच्यावरच टेकली, ती उठलीच नाही. फ्रीज तसाच राहिला. क्लेमने जन्मात बायकोचं एक ऐकलं नाही असं गाव म्हणायचं, पण एवढं मात्र त्याने ऐकलं.

"मावशीचं स्वयंपाकघर मांडायचंय मला," टॅमसिन म्हणाली. "टेबल, दोन खुर्च्या, भिंतीवर पुराच्या पाण्याची रेघ आणि फ्रीज. चिखल सगळ्यांच्या घरात होता, काका. सगळ्यांनी धुऊन टाकला. गावात आता तुमचाच तेवढा उरलाय."

हे म्हाताऱ्याला कुठेतरी लागलं.

"उभाच न्यायचा," तो म्हणाला. "आणि मी बरोबर येणार."

गुरुवारी उभ्या फ्रीजची गाडी बिलाकूराच्या मुख्य रस्त्याने चालीच्या वेगाने निघाली. क्लेम मागून पायी. त्याच्यामागे सहा-सात गाड्या तुंबल्या, पण हॉर्न कोणी वाजवला नाही. दोघातिघांनी तर टोप्या काढल्या.

प्रदर्शन लोण्याच्या बंद पडलेल्या कारखान्यात होतं. एकाने छताला नव्वद गमबूट टांगले होते. एकीने विमा कंपनीच्या नकारपत्रांच्या होड्या केल्या होत्या, आणि त्या भरपूर झाल्या होत्या. एका कोपऱ्यात कुजलेला गालिचा नुसताच पसरला होता. त्याच्याजवळ क्लेम थांबला नाही. त्याने फ्रीज स्वतः जागेवर बसवून घेतला. टॅमसिनने 'हात लावू नये' अशी पाटी आणली होती.

"पाटी कशाला?" क्लेम म्हणाला. "दारावर लिहिलंय की."

टॅमसिनलाही ते पटलं. सगळा घोटाळा झाला तो इथे.

बिलाकूरात कुणाचं कुंपण पडो की शाळेचं छप्पर गळो, बेरिल पिकेट फोन फिरवते आणि शनिवारी सकाळी आठला वीस माणसं बादल्या, खराटे घेऊन हजर होतात. पुरानंतर याच माणसांनी आपलं-परकं न बघता तीनशे घरं धुतली. या शनिवारी त्यांना कारखान्याचा हॉल झाडायला, खुर्च्या मांडायला आणि चहाचं बघायला सांगितलं होतं. कलाकार मंडळी काही दहाच्या आत उठत नाहीत, त्यामुळे तिथे हटकायला कोणी नव्हतं, आणि गुरुवारी फ्रीज जाताना या विसांपैकी कोणी पाहिला नव्हता.

बेरिल झाडत झाडत फ्रीजपाशी पोचली. तिने दारावरचं वाचलं.

"अगं बाई, कोण बिचारी एकटीच धुणार होती हे सगळं?" ती म्हणाली. "आणि दोन वाजता लोक येणार. डग, नळी आण बघू."

"पण लिहिलंय ना, हात लावू नकोस?" डग म्हणाला. डग तिचा नवरा.

"भिडेखातर लिहितात तसं. पुराच्या वेळी सगळ्याच म्हणत होत्या, तुम्ही नका करू, मी करते. ऐकलं का आपण कुणाचं?"

चिखल दिसला की बिलाकूराची माणसं पुढचा विचार करत नाहीत. आधी पाणी, मग व्हिनेगर, मग सोडा. टेबल झालं, खुर्च्या झाल्या. टॅमसिनने दोन दिवस बारीक ब्रशने रंगवलेली पाण्याची रेघ तिघींनी मिळून घासून काढली. डग वायरमन होता. त्याने फ्रीज मागून उघडला, सुकवला, दोन वायरी बदलल्या आणि प्लग लावला. फ्रीज घुरघुरला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आता चालू फ्रीज मोकळा कोण ठेवणार? चहाचं दूध आत गेलं, सँडविचचे ट्रे गेले, खोबऱ्यात घोळवलेले केक गेले.

एक वाजता क्लेम आला. अंगात कोट होता, नोलाला पोचवल्यानंतर पहिल्यांदाच घातलेला.

"ये क्लेम," बेरिल म्हणाली. "बघ, कुणाचा आहे देव जाणे, पण नव्यासारखा झाला की नाही? चहा घेतोस?"

क्लेम पांढऱ्या दाराकडे बघत उभा राहिला. त्याच्यामागून टॅमसिन आली आणि स्वच्छ खुर्चीवर मटकन बसली.

"मावशीचं अक्षर होतं ते," ती म्हणाली. "तिच्या हातचं तेवढंच उरलं होतं काकांकडे."

"नोलाचं?" बेरिलने किटली खाली ठेवली. "मी कसं नाही ओळखलं? वीस वर्षं तिच्या केकच्या डब्यांवर वाचत आले. 'डबा परत करणे.'" आणि ती रडायला लागली.

डगला रडणं सहन होत नसे. तो तडक नदीवर गेला आणि चिखलाची बादली भरून घेऊन आला.

"चिखलाला काय तोटा आहे इथे?" तो म्हणाला. "होता तसा करून देतो, क्लेम. बेरिल, तू लिही. काय होतं ते?"

"हात लावू नकोस, मी धुते," बेरिल हुंदके देत म्हणाली.

"धुते नाही, धुईन," झाडायला आलेली दुसरी एक बाई म्हणाली.

"मीच वाचलंय ना?"

"बादली बाहेर ने, डग," क्लेम म्हणाला. आवाज चढला नव्हता, पण बादली गेली.

तेवढ्यात शहरातल्या कलासंग्रहालयाची बाई वेळेआधीच येऊन पोचली. गमबूट बघून, होड्या बघून ती फ्रीजपाशी आली. तिने दार उघडलं आणि सँडविचकडे बराच वेळ बघितलं.

"धाडसी आहे," ती म्हणाली आणि दार उघडंच टाकून पुढे गेली.

क्लेम दार लावायला वाकला आणि तसाच थांबला. दाराच्या कडेचं जे रबर असतं, त्याच्या घड्यांत चिखल होता. बोटभर रुंद, खालपासून वरपर्यंत, वाळलेला, जुना. बेरिललाही तो दिसला.

"अरे देवा, हे राहूनच गेलं," ती म्हणाली, आणि डोळे पुसता पुसता तिने एप्रनच्या खिशातून जुना टूथब्रश काढला. तिचा हात पुढे झाला.

क्लेमने दार लावलं आणि त्याला पाठ टेकून उभा राहिला.

"हात लावू नकोस," तो म्हणाला. "मी धुईन."

फ्रीज घुरघुरत होता. बाहेर गाड्या येऊन लागत होत्या.

"क्लेम," डग हळूच म्हणाला, "दूध आत आहे रे."

"असू दे," क्लेम म्हणाला.

म्हातारा पाच वाजेपर्यंत जागचा हलला नाही. त्या दिवशी आख्ख्या बिलाकूराने काळा चहा प्यायला.