टोपीकरांचे पंक दरबारीं रसेलराव ड्रमवाले यांची पुनर्स्थापना

नादब्रह्मास दंडवत घालून लिहिले ऐसे जे. शके एकोणीसशे सव्वीस, माघमासीं, टोपीकरांचे बेटावर एक पॉप-पंक राज्य उदयास आले. गादीवर कीरनमहाराज, गाणार तेच आणि गिटार छेडणार तेच. बास गिटारीचे प्रधान टोबीपंत. आणि ड्रमांचे सेनापती रसेलराव, वय वर्षे एकोणीस. त्रिवर्गांनी एका गॅरेजांत चार दिवसांत पहिली तबकडी मुद्रित केली. रसेलरावांचा हात उतावीळ. गीत मिनिटास एकशे शहाण्णव ठोक्यांनी धरावे आणि दोनशे दहांवर सोडावे, आणि महाराजांनी धापा टाकीत मागून पळावे. तीच धांदल रयतेस बहुत आवडली. मग दुसरे सालीं दुसरे तबकडीस मोठे कंपनीने आपला ध्वनिमुद्रक पाठविला आणि त्याने रसेलरावांचे कानांत टिकटिक यंत्र घालून फर्माविले, "ठोका टिकटिकीवरच पडला पाहिजे." रसेलरावांनी सोळा वेळां यत्न केला, आणि सोळाही वेळां टिकटिक मागे राहिली. तेव्हां महाराज कांचेपलीकडून बोलिले, "रशा, बाबा, तू जरा चहा पिऊन ये." चहा पिऊन येतात तों आसनावर भाड्याचा वादक बसलेला. टोबीपंत आपले जोडे पाहत राहिले. तबकडी अचूक निघाली, कोणी घेतली नाही, आणि राज्य बुडाले.

मग अठरा वर्षे रसेलरावांनी फरश्यांचे दुकान चालविले, आणि नित्य प्रातःकाळीं तासभर टिकटिक कानांत घालून सरावाचे रबरी गादीवर ठोके दिले. बायको पुसे, "आता कुणाला दाखवायचंय?" कोणास तें रावांस पक्के ठाऊक होते.

शके एकोणीसशे पंचेचाळीसांत महाराजांचा फोन आला: "रशा, पुन्हा एकत्र येतोय. पहिली तबकडी, सगळीच्या सगळी. तुझ्याशिवाय कोण वाजवणार?" रसेलरावांनी दुकान बायकोचे हवालीं केले आणि तालमीस कूच केले. पहिले गीत एकशे शहाण्णवांवर धरिले आणि एकशे शहाण्णवांवरच सोडिले, केसभर हलले नाही. आणि घाम पुसून महाराजांचे मुखाकडे पाहते जाहले. महाराज बोलिले, "हे काय? मयतीत वाजवतोयस का?" टोबीपंत बोलिले, "पूर्वीसारखं पळव ना जरा." रावांनी पळविले, तेही मोजून, पायरीपायरीने. तीन दिवस यत्न जाहला. हात एकदां शिकला तो विसरेना. मग मसलत ठरली की पहिले मुद्रणांतून ड्रमांचा आवाज तेवढा वेगळा काढून कर्ण्यांतून सोडावा, आणि रसेलरावांनी आवाज मारलेले ड्रमांवर हात हलवावे.

"तूच तर आहेस रे तो!" महाराज बोलिले. "भाड्याचा नाही ना आणला!"

"आणला असतास तर बरं होतं," रसेलराव बोलिले. तरी आसन सोडवेना, सबब बसले.

मग बारा हजार रयतेसमोर नौबत झडली, आणि एकोणीस वर्षांचे पोर कर्ण्यांतून बेफाम सुटले, आणि रसेलरावांचा हात दर गीतांत चार ठोके मागे पडला, तो कोणी पाहिला नाही. उतरतां एक बाई कठड्यावरून ओरडली, "रसेल, तुझा हात अजून तस्साच आहे!" रावांनी तिचे तबकडीवर सही केली आणि "आभारी आहे" म्हणाले.

येणेंप्रमाणे राज्य पुन्हा स्थापिले. पुढे एकवीस शहरीं फत्ते जाहली, आणि सर्वांहून मोठा जयघोष ड्रमांचा जाहला, आणि रसेलरावांनी तो हरवेळीं उभे राहून घेतला. हकीकत खरी.